टायमरला बझर लावला आणि तो उलटाच वाजतोय? ५५५ च्या टायमरमध्ये 'वेळ संपली' हे सांगायचं कसं

५५५ आयसी, म्हणजे वेळ मोजणारी छोटी चिप, घेऊन साधा टायमर बनवला की पुढची पायरी बहुतेकांची हीच असते. बटण दाबलं की एलईडी लागतो, ठरलेली वेळ झाली की विझतो, सगळं मस्त चालतंय, पण एलईडीकडे टक लावून कोण बसणार, म्हणून वाटतं की एक बझर आणूया आणि वेळ संपली की वाजवूया. मग एलईडीच्या जागी बझर जोडला की तो वेळ चालू असताना सतत कोकलतो आणि वेळ संपली की गप्प होतो. म्हणजे बरोबर उलटं. मग कुणीतरी सांगतं की बझरची एक वायर ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला, न लावता प्लसला लाव, तसं केलं की वेळ चालू असताना शांतता आणि संपल्यावर आवाज, झालं काम! पण सर्किट बंद करून परत चालू केलं की बटणाला हातही लावलेला नसताना बझर सुरू.

इथे खूप जण आयसी खराब आहे असं समजून बदलतात. आयसी चांगली असते. चूक जोडणीतही नसते खरं तर, आपण सर्किटला जे विचारतोय ते त्याला माहीतच नसतं, आणि हे एकदा नीट कळलं की उरलेलं सगळं आपोआप सुटत जातं.

## आधी ५५५ आत काय करतो ते बघू

ही आयसी हान्स कॅमेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी डिझाइन केली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. पन्नास वर्षं उलटून गेली तरी आजही ती नवीन सर्किटमध्ये सर्रास वापरतात.

टायमरची वेळ ठरवतात दोन पार्ट, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी समजा आणि रेझिस्टर म्हणजे तिला पाणी आणणारा बारीक पाइप. पाइप जेवढा बारीक आणि टाकी जेवढी मोठी तेवढा भरायला वेळ जास्त. फक्त ही टाकी वरून नळ सोडून भरत नाही, शेजारच्या भरलेल्या टाकीला खालून पाइपने जोडल्यासारखी भरते, म्हणजे सुरुवातीला जोरात आणि पातळी वर येईल तसतशी हळूहळू. ५५५ चं काम एवढंच की त्या पातळीवर नजर ठेवायची आणि ती सप्लायच्या दोन तृतीयांशावर पोचली की आउटपुट बंद करायचा. ९ व्होल्टची बॅटरी असेल तर ६ व्होल्टला.

वेळेचा हिशोब सोपा आहे, रेझिस्टर गुणिले कपॅसिटर गुणिले १.१. उदाहरणार्थ २७० किलोओहम आणि १००० मायक्रोफॅरड घेतले तर २९७ सेकंद, म्हणजे पाच मिनिटांना तीन सेकंद कमी. आणि पातळी सप्लायच्या हिश्शात मोजली जाते त्यामुळे बॅटरी हळूहळू उतरली तरी वेळ जवळपास तीच राहते, बॅटरी ८ व्होल्टवर आली की भरण्याचा जोर कमी होतो पण गाठायची पातळीही त्याच प्रमाणात खाली येते. मला या आयसीतलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

पातळी चढताना डोळ्यांनी बघायची असेल तर मल्टिमीटर सहा नंबरच्या पिनवर, म्हणजे ५५५ जिथून ही पातळी बघतो तिथे, लावून बघा, पण एक गोष्ट लक्षात ठेवून. मी १ मेगाओहम आणि १०० मायक्रोफॅरड लावून बसलो होतो, हिशोबाने ११० सेकंद यायला हवे होते आणि तसे येतही होते, पण मीटर लावला की दर वेळी १२० च्या आसपास. बराच वेळ कळेना. मग लक्षात आलं की डिजिटल मीटर स्वतः साधारण १० मेगाओहमचा असतो, तो लावला की टाकीला तळाशी एक बारीक भोक पडल्यासारखं होतं, टाकी भरतेय आणि थोडी गळतेय, म्हणून उशीर. मीटर काढला की परत ११०. तेव्हापासून वेळ मोजायची असेल तर मी मीटर तीन नंबरच्या पिनवरच लावतो, तिथे त्याचा काही फरक पडत नाही.

## 'संपली' आणि 'सुरूच झाली नाही', सर्किटला दोन्ही सारखंच

आता मुख्य मुद्दा. तीन नंबरची पिन म्हणजे आउटपुट. वेळ चालू असताना तिथे जवळपास पूर्ण व्होल्टेज असतो, याला हाय म्हणतात, आणि बाकी सगळा वेळ शून्याजवळ असतो, त्याला लो म्हणतात. बाकी सगळा वेळ म्हणजे कधी? बटण दाबायच्या आधीही आणि वेळ संपल्यानंतरही. सर्किटच्या दृष्टीने या दोन गोष्टींमध्ये काडीचाही फरक नाही. पाच मिनिटं आत्ता संपलीत की अजून सुरूच झालेली नाहीत हे त्याच्याकडे कुठेही लिहून ठेवलेलं नसतं.

दाराचं उदाहरण घ्या. खोलीत येऊन तुम्ही बघता की दार बंद आहे. ते आत्ताच कुणी लावलं की सकाळपासून बंद आहे हे दाराकडे बघून सांगता येणार नाही, पण लागतानाचा आवाज ऐकला असेल तर सांगता येईल. बंद असणं ही स्थिती आहे आणि बंद होणं ही घटना. आपल्याला बझर घटनेवर वाजायला हवाय आणि आपण तो स्थितीला जोडून ठेवलाय, सगळा घोळ एवढाच आहे.

मग मार्ग दोनच उरतात. एक म्हणजे सुरू व्हायच्या आधीची स्थितीच काढून टाकायची, म्हणजे लो दिसला की तो संपल्याचाच असणार. दुसरा म्हणजे हायचा लो होतो तो नेमका क्षण पकडायचा आणि त्या क्षणापासून दोन-तीन सेकंद बझर वाजवायचा.

## आधी बझर नीट घ्या

बझर दोन प्रकारचे येतात आणि बाहेरून जुळे भाऊ वाटतात. ॲक्टिव्ह बझरच्या पोटात आवाज तयार करणारं छोटं सर्किट असतं, त्याला नुसता डीसी सप्लाय दिला की वाजतो. पॅसिव्ह बझरमध्ये ते नसतं, त्याला डीसी दिला तर एकदा टक् होतं आणि संपलं, त्याला बाहेरून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करावं लागतं. ओळखायचं कसं, तर बॅटरीला क्षणभर टेकवून बघा, सलग आवाज आला तर ॲक्टिव्ह. खाली जे सांगतोय ते ॲक्टिव्हसाठी आहे. प्लस-मायनस बघून लावा, प्लसचा पाय बहुधा लांब असतो किंवा वर खूण असते, आणि बझर किती व्होल्टचा आहे तेही बघा, ५ व्होल्टवाला ९ व्होल्टवर लावू नका.

करंटची चिंता फारशी नको. छोटे ॲक्टिव्ह बझर साधारण ३० मिलिअँपच्या आत भागतात आणि जुन्या पद्धतीचा ५५५ आउटपुटमधून २०० मिलिअँपपर्यंत झेलतो. कॉइलवाला म्हणजे मॅग्नेटिक बझर असेल तर मात्र त्याला समांतर एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, लावा, पट्टीचं टोक बझरच्या प्लसकडे, नाहीतर बंद होताना कॉइल उलटा झटका मारते.

## सगळ्यात सोपा मार्ग: मेन स्विच हेच स्टार्ट बटण

बटण काढूनच टाका. दोन नंबरची पिन म्हणजे ट्रिगर, तिचा व्होल्टेज क्षणभर सप्लायच्या एक तृतीयांशाखाली गेला की वेळ सुरू होते. तिथून प्लसला १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. सप्लाय दिला की हा छोटा कपॅसिटर रिकामा असतो, त्यामुळे पिन काही मिलिसेकंद खाली राहते आणि टायमर स्वतःच सुरू होतो. आता सुरू व्हायच्या आधीची स्थिती उरलीच नाही, कारण तेव्हा सप्लायच नाही. मग बझर प्लस आणि तीन नंबरच्या पिनमध्ये जोडा, वेळ संपली की वाजायला लागेल आणि तुम्ही उठून स्विच बंद करेपर्यंत वाजत राहील. विसराळू माणसासाठी हे चांगलंच आहे.

इथे दोन गोष्टी नडतात. वेळ चालू असताना बझर अगदी बारीक चिरचिरतो असं काहींच्या बाबतीत होतं, याचं कारण म्हणजे जुन्या ५५५ चा हाय पूर्ण ९ व्होल्ट नसतो, सव्वा ते पावणेदोन व्होल्ट कमी असतो, तेवढा फरक बझरला मिळतो आणि काही बझर त्यावरही कुरकुरतात. बझरच्या सिरीजमध्ये दोन साधे डायोड लावा किंवा सीमॉस प्रकारचा, म्हणजे नव्या पद्धतीचा कमी वीज खाणारा ५५५ घ्या, त्याचा हाय जवळपास सप्लायइतका जातो. दुसरी गोष्ट, स्विच बंद करून लगेच परत चालू केला तर वेळ कमी भरते, कारण मोठा कपॅसिटर अजून भरलेलाच असतो. वेळ ठरवणाऱ्या रेझिस्टरला समांतर एक डायोड लावला, पट्टी प्लसकडे, तर स्विच बंद झाल्यावर साठलेला चार्ज त्यातून बऱ्यापैकी निघून जातो.

## जास्त चांगला मार्ग: दुसरा ५५५

स्टार्ट बटण हवंय आणि बझर तीन सेकंद वाजून आपोआप थांबायलाही हवाय, तर मी तरी हाच मार्ग सांगेन. पहिल्या टायमरने संपताना दुसऱ्या टायमरला एक चिमटा काढायचा आणि दुसऱ्याने फक्त बझरचं बघायचं.

दुसऱ्या ५५५ ला २७० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड लावा. रेझिस्टर तोच, कपॅसिटर शंभरपट छोटा, म्हणून वेळही शंभरपट कमी, साधारण ३ सेकंद. याच्या तीन नंबरवरून बझर सरळ ग्राउंडला, कारण इथे वेळ चालू असतानाच आवाज हवाय.

आता चिमटा. पहिल्याच्या तीन नंबरवरून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दुसऱ्याच्या दोन नंबरला जोडा आणि त्या दोन नंबरपासून प्लसला १० किलोओहम. कपॅसिटर स्थिर व्होल्टेज पुढे जाऊ देत नाही, फक्त बदल जाऊ देतो, म्हणजे दाराच्या भाषेत सांगायचं तर त्याला बंद असलेलं दार कळत नाही पण लागताना झालेला धाडकन आवाज कळतो. पहिल्याचा आउटपुट पाच मिनिटं हाय असतो तेव्हा पलीकडे काहीच जात नाही, तो धाडकन खाली आला की दुसऱ्याची ट्रिगर पिनही त्याच्यासोबत खाली ओढली जाते आणि एका मिलिसेकंदाच्या आत १० किलोओहम तिला परत वर आणतो. एवढ्यात काम झालेलं असतं.

बटण दाबून वेळ सुरू होते तेव्हा उलट घडतं, पहिल्याचा आउटपुट वर उडी मारतो आणि ट्रिगर पिन सप्लायच्याही वर फेकली जाते. ते आयसीला चांगलं नाही. म्हणून १० किलोओहमला समांतर ४१४८ नंबरचा छोटा डायोड लावायचा, पट्टीचं टोक प्लसला, म्हणजे जास्तीचा व्होल्टेज तिथून निघून जातो. बऱ्याच आकृत्यांमध्ये हा डायोड दिसत नाही आणि सर्किट तरीही चालतं, पण मी कधी गाळत नाही.

आणि एक पार्ट, ज्यासाठी मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. सगळं जोडलं, बरोबर चालत होतं, फक्त सप्लाय देताक्षणी बझर एकदा तीन सेकंद वाजायचा. आधी वाटलं वायर सैल आहे, मग ब्रेडबोर्डवरची (सोल्डर न करता पार्ट खोचायच्या पट्टीवरची) जागा बदलली, काही नाही. कारण त्या चिमट्याच्या कपॅसिटरमध्येच होतं, सप्लाय येतो तेव्हा तो रिकामा असतो म्हणून ट्रिगर पिन क्षणभर खालीच असते, आणि दुसऱ्या ५५५ ला वाटतं की पहिला संपला. उपाय असा की दुसऱ्याची चार नंबरची पिन म्हणजे रीसेट, ती सरळ प्लसला न लावता १०० किलोओहममधून लावायची आणि तिथून ग्राउंडला १ मायक्रोफॅरड. ही पिन साधारण ०.७ व्होल्टच्या खाली असेपर्यंत आयसी कुणाचंही ऐकत नाही, आणि ९ व्होल्टच्या सप्लायवर तेवढं चढायला तिला सात-आठ मिलिसेकंद लागतात, तोपर्यंत ट्रिगर पिन वर आलेली असते. लावलं आणि सप्लाय दिला. शांत. मी तीन-चार वेळा स्विच चालू-बंद करून नुसती ती शांतता ऐकली.

दोन आयसी बोर्डवर जागा खातात असं वाटत असेल तर ५५६ घ्या, त्यात एकाच १४ पिनांच्या पॅकेजमध्ये दोन ५५५ असतात. फक्त पिन नंबर वेगळे आहेत ते बघून जोडा.

## पण बझरमुळे टायमरची वेळ बिघडत नाही का?

थेट नाही, बझर आउटपुटवर आहे आणि वेळ मोजणारा कपॅसिटर वेगळ्या पिनवर. पण सप्लायमधून त्रास होऊ शकतो. जुना ५५५ आउटपुट बदलताना क्षणभर बराच करंट ओढतो आणि बझरही सप्लायला हिसके देतो, बॅटरी थकलेली असेल तर ते सगळीकडे पोचतं आणि टायमर मध्येच संपतो किंवा स्वतःच सुरू होतो. आयसीच्या अगदी जवळ, एक आणि आठ नंबरच्या पिनमध्ये ०.१ मायक्रोफॅरड लावा, सप्लायवर एक १०० मायक्रोफॅरड आणि पाच नंबरवरून ग्राउंडला ०.०१ मायक्रोफॅरड. हे वगळून वाचवण्यासारखं काही नाही.

आणि स्टार्ट बटण वेळ संपेपर्यंत दाबूनच धरलं तर पहिल्याचा आउटपुट हायच राहतो, बझर वाजणार नाही, बटण सोडलं की वाजेल. हा दोष नाही, आयसी तशीच आहे.

## पाच मिनिटं लावली, पाच मिनिटं चाळीस सेकंदांनी वाजला

हे होणारच. मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेला आकडा २० टक्के इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे, शिवाय ते थोडे गळतातही, मघाच्या मीटरसारखंच, आतल्या आत भोक. रेझिस्टर खूप मोठा घेतला तर गळती भरण्याइतकीच होते आणि पातळी दोन तृतीयांशापर्यंत कधी पोचतच नाही, मग बझर तासभर थांबून राहिलात तरी वाजत नाही. म्हणून रेझिस्टर १ मेगाओहमच्या वर नेऊ नका, आणि त्याचा काही भाग प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, ठेवून घड्याळ लावून जुळवा.

दहा-पंधरा मिनिटांच्या पुढे जायचं असेल तर ५५५ चा हट्ट सोडलेला बरा. ४०६० नंबरची आयसी घ्या, ती एका मोठ्या टाकीवर अवलंबून राहत नाही, छोटे छोटे ठोके मोजते. तिचा शेवटचा आउटपुट ८१९२ ठोक्यांनंतर हाय होतो, म्हणजे एक तास हवा असेल तर एक ठोका ०.४४ सेकंदाचा, आणि तेवढ्याला छोटा, न गळणारा कपॅसिटर पुरतो. शिवाय इथे आउटपुट आधी लो आणि वेळ संपल्यावर हाय, त्यामुळे आपली मूळ अडचणच येत नाही. तिच्या आउटपुटमध्ये दम कमी असतो म्हणून बझर बीसी ५४७ सारख्या ट्रान्झिस्टरमार्फत जोडा.

## एवढं करण्यापेक्षा मायक्रोकंट्रोलर का नको?

चालेल की. प्रोग्रॅम लिहिता येत असेल, वेळ सेकंदाला अचूक हवी असेल, डिस्प्ले हवा असेल तर तोच घ्या. प्रोग्रॅममध्ये 'संपली' आणि 'सुरू नाही' हे दोन वेगळे शब्द लिहून ठेवता येतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न दोन ओळींत मिटतो. पण ज्याला वीज, वेळ आणि आवाज यांचा संबंध हाताने समजून घ्यायचाय त्याने एकदा तरी हा चिमट्याचा कपॅसिटर स्वतः लावून बघावा असं मला मनापासून वाटतं, कारण बदल तेवढा पुढे जाऊ द्यायचा ही युक्ती पुढे फार ठिकाणी भेटते.

## बझर वाजला, पण ऐकू आला का?

हा प्रश्न मला खूप उशिरा सुचला. टायमर आईसाठी बनवला होता, माझ्या कानांना बझर नकोसा वाटेल इतका कर्कश, आणि ती शेजारच्या खोलीतून म्हणाली वाजलाच नाही. छोटे पिझो बझर साधारण २ ते ४ किलोहर्ट्झला वाजतात, तरुण कानाला तेच सगळ्यात टोचतात, पण वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या, बारीक आवाजांपासून.

मग ॲक्टिव्ह बझर काढला आणि तिसरा ५५५ लावला, आवाज तयार करण्यासाठी. १ किलोओहम, ६८ किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड घेतले की तो सेकंदाला हजारएक वेळा चालू-बंद होतो, म्हणजे १ किलोहर्ट्झचा जाडसर आवाज. त्याची रीसेट पिन दुसऱ्या ५५५ च्या आउटपुटला जोडली, त्यामुळे तो त्या तीन सेकंदांतच बोलतो, आणि त्याच्या आउटपुटवर १०० मायक्रोफॅरड आणि ४७ ओहममधून छोटा ८ ओहमचा स्पीकर. दुसऱ्याच्या आउटपुटवर एक मोठा लाल एलईडीही लावला, १ किलोओहम सिरीजमध्ये घालून. हे सगळं तपासताना दर वेळी पाच मिनिटं थांबायला लागू नये म्हणून पहिल्यातला १००० मायक्रोफॅरड काढून १० चा लावून ठेवा, तीन सेकंद थांबायचं, तीन सेकंद आवाज, आणि सगळं बरोबर चालतंय असं दिसलं की मोठा परत लावायचा, मायनसची पट्टी ग्राउंडकडे. मी लावला, बटण दाबलं आणि दुसऱ्या खोलीत आईजवळ जाऊन बसलो. पाच मिनिटांनी तीच म्हणाली, "अरे, तुझं ते वाजलं बघ."